ट्रायल्स सायकलसाठी डिस्क ब्रेक निवडताना

दगड, ओंडके, काँक्रीटच्या नळ्या, पॅलेटचे ढीग यांवरून पाय जमिनीला न टेकवता सायकल न्यायची, आणि त्यातला बराचसा वेळ फक्त मागच्या चाकावर उड्या मारायच्या, असा हा ट्रायल्सचा खेळ. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस स्पेनमधल्या कॅटलोनियात मोटारसायकल ट्रायल्सच्या धर्तीवर तो मुलांच्या सायकलींवर सुरू झाला. आज यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या जागतिक स्पर्धांत २० इंची आणि २६ इंची असे वेगळे गट असतात. या सायकलला गिअर एकच आणि सीट जवळपास नसतेच. ब्रेक मात्र सतत कामाला लागलेला असतो. रस्त्यावर ब्रेक थोडा सरकला तर सायकल दोन फूट पुढे जाऊन थांबते. इथे उंच दगडाच्या कडेवर मागच्या चाकावर उभं असताना तो बोटभर सरकला, की माणूस पाठीवर पडतो.

डिस्क ब्रेकबद्दल इतरत्र जे वाचायला मिळतं त्यातलं निम्मं म्हणूनच इथे लागू पडत नाही. या ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणारी तबकडी म्हणजे रोटर, आणि कॅलिपर नावाचा चिमटा दोन पॅडांनी ती दाबून धरतो. उतारावर ताशी ४० किलोमीटरने येणाऱ्या सायकलचा ब्रेक वेगाची उष्णता करून ती हवेत सोडतो. ट्रायल्समध्ये वेग फार तर १०. वेग चौपट कमी म्हणजे जिरवायची ऊर्जा सोळा पट कमी. पॅडला पाठीमागे लावलेले कूलिंगचे पंख, उष्णता झटपट सोडणारे थरांचे रोटर, यांवर इथे पैसे घालून काही हाती लागत नाही. पाहायचं ते असं: चाक एकदा धरलं की अजिबात सरकायला नको, पुढेही नाही आणि मागेही नाही, थंड पॅडने पहिल्याच दाबाला चावा घेतला पाहिजे, आणि हे सगळं एका बोटाने जमलं पाहिजे, कारण बाकीची बोटं हँडलला लटकलेली असतात.

रोटर केवढा

एक साधा हिशोब करू. स्वार आणि सायकल मिळून ८० किलो. ३० अंशांच्या चढावर मागच्या चाकावर उभं राहायचं, सगळा भार त्या एका चाकावर. टायरला उतारावरून खाली ओढणारा जोर साधारण ४० किलो वजनाइतका असतो. २० इंची सायकलच्या मागच्या चाकाची त्रिज्या टायरसकट अंदाजे २५० मिलिमीटर, आणि १६० मिलिमीटरच्या रोटरवर पॅड जिथे घासतो त्या वर्तुळाची त्रिज्या सुमारे ७३. म्हणजे टायरवरचा ४० किलोचा ओढा पॅडपाशी ४० × २५० ÷ ७३, म्हणजे १३७ किलोच्या घरात जातो. उडीवरून उतरताना क्षणभर याचा दुप्पट-तिप्पट होतो.

आता हाच रोटर २६ इंची सायकलला लावा. चाकाची त्रिज्या ३३५ झाली, पॅडवरचा ओढा १८३ किलोवर गेला. १८० चा रोटर लावला तर १६१, आणि २०३ चा लावला तर १४२. थोडक्यात, २० इंची सायकलवर १६० चा रोटर जी पकड देतो, ती २६ इंचीवर मिळवायला जवळजवळ २०३ चा लागतो. २० इंचीवर दोन्हीकडे १६० आणि २६ इंचीवर पुढे १८०, मागे १६० किंवा १८० अशी जोडी बरेच जण लावतात, त्यामागे हेच गणित आहे. २४ इंची स्ट्रीट सायकल मधली. तिला पुढे १८० आणि मागे १६० चालतो.

मग सरसकट मोठाच रोटर का लावू नये? दगडांमुळे. २० इंची चाकात १६० च्या रोटरची खालची कड जमिनीपासून १७० मिलिमीटरवर असते. चाक दोन दगडांच्या फटीत बसलं की तेवढं अंतर सहज संपतं. २०३ चा लावला तर आणखी २१ मिलिमीटर गेले. रोटर एकदा दगडाला घासून वाकला, की तो कॅलिपरमध्ये फिरताना पॅड मागे ढकलत राहतो, लिव्हरचा चावा दर वेळी वेगळ्या जागी येतो, आणि नेमका यावरच तर स्वाराचा भरवसा असतो. लहान वाक रोटर सरळ करायच्या खाचेच्या पट्टीने काढता येतो, पण एकाच जागी चार वेळा काढला की पत्रा मऊ पडतो; तो रोटर बदलावा.

रिम ब्रेकशी तुलना करायची तर आकडे बोलतात. त्याच २० इंची सायकलवर रिम ब्रेक सुमारे १९५ मिलिमीटर त्रिज्येवर पकडतो, म्हणजे त्याला पन्नासेक किलोच धरावे लागतात. मगुराचा एचएस३३ हा हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा, रिम ब्रेक इतकी वर्षं ट्रायल्सच्या मागच्या चाकावर टिकला तो यामुळे. रिमची कड ग्राइंडरने खरवडून, कोणी वर डांबराचा हात फिरवून, त्याची पकड आणखी वाढवतात. पण रिमला आऊट आला, म्हणजे ती डुलायला लागली, दगडावर आपटून खोक पडली किंवा पाऊस लागला की तो लहरी होतो. डिस्कला रिमच्या आऊटशी देणंघेणं नाही, आणि ओल्यातही तो बराचसा तसाच चालतो. पुढे डिस्क, मागे रिम ही जुनी जोडी आजही वाईट नाही. फ्रेमला मागे डिस्कचा माउंट नसेल तर तो विषय तिथेच संपला. वेल्डिंग करून माउंट लावण्याच्या फंदात पडू नये. ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर वेल्डिंग केलं की आसपासचा धातू मऊ होतो, आणि ब्रेकचा सगळा पीळ त्याच जागी येतो.

प्ले

वरच्या हिशोबाला दुसरी बाजू आहे, आणि खरेदी करताना तीच विसरली जाते. जे प्रमाण ओढा वाढवतं तेच ढिलाई, म्हणजे प्लेही वाढवतं. कॅलिपरच्या खोबणीत पॅड ०.३ मिलिमीटर पुढेमागे हलत असेल, तर २० इंची सायकलच्या टायरपाशी तो प्ले १ मिलिमीटरचा होतो, २६ इंचीवर जवळपास दीड. ऐकायला किरकोळ वाटतं. पण मागच्या चाकावर तोल धरताना सायकल सतत पुढे-मागे डुलत असते, आणि प्रत्येक डुलण्याला चाक ‘टक्’ करून एक मिलिमीटर सुटतं आणि परत अडतं. ते हाताला लगेच जाणवतं, आणि उडी मारायच्या क्षणी जोर मारायला गेलं की पायाखालचं पहिलं मिलिमीटर पोकळ लागतं. साध्या सायकलवर हा प्ले कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण तिथे ब्रेक एकाच दिशेने ओढला जातो.

प्ले कुठून येतो ते शोधायची रीत सोपी आहे. पुढचा ब्रेक घट्ट दाबा, सायकल पुढे-मागे हलवा, आणि दुसऱ्या हाताचं बोट दोन भागांच्या सांध्यावर अर्धं इकडे अर्धं तिकडे असं ठेवा. बोट रोटर आणि हबच्या सांध्यावर ठेवलं आणि तिथे हालचाल लागली तर रोटरचे बोल्ट सैल आहेत, किंवा सेंटरलॉकच्या (बोल्टांऐवजी दात्यांवर बसणाऱ्या रोटरच्या) दात्यांत फट आहे. पॅडचा पाठीमागचा पत्रा आणि कॅलिपर यांवर लागली तर पॅड खोबणीत सैल. कॅलिपर आणि फोर्कच्या मध्ये लागली तर त्यांना जोडणारा ॲडॉप्टर. पुढे यातलं काहीच हलत नसेल आणि तरी टक् येत असेल तर हेडसेट, म्हणजे फोर्क ज्यात फिरतो ती बेअरिंगं, तपासा. पुष्कळदा दोष त्याचा असतो आणि शिव्या ब्रेकला पडतात.

ट्रायल्ससाठी सहा बोल्टचा रोटर घ्यावा हा सल्ला याच कारणाने. ४४ मिलिमीटर वर्तुळावरचे सहा एम५ बोल्ट रोटरला हबवर दाबून धरतात, दोन्ही दिशांना. सेंटरलॉकमध्ये दाते अडतात आणि वरची रिंग ४० न्यूटन-मीटरने आवळलेली असते. ती नीट आवळली तर चांगलं चालतं, पण दात्यांत बारीक फट राहिली की उलटसुलट ओढ्याने ती वाढत जाते. बोल्ट टी२५ बिटने, समोरासमोरचे आळीपाळीने, रोटरवर छापलेल्या टॉर्कपर्यंत (बहुधा ४ ते ६ न्यूटन-मीटर) आवळायचे, आणि आट्यांवर निळं थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा डिंक) लावायचं. पहिल्या दोन-तीन दिवसांच्या सरावानंतर परत तपासा. ॲल्युमिनियमचा मधला भाग आणि वर रिव्हेटने अडकवलेली स्टीलची कडी असे दोन तुकड्यांचे तरंगते रोटर दिसायला देखणे असतात, पण रिव्हेट झिजले की तोच टक् तिथून सुरू होतो. एकाच पत्र्यातला, जाड हातांचा रोटर इथे बरा.

पॅडच्या खोबणीतला प्ले कॅलिपरच्या मॉडेलवर ठरतो, आणि तो कुठल्याही माहितीपत्रकात छापलेला नसतो. घ्यायच्या आधी कुणाच्या सायकलवर तेच मॉडेल हलवून पाहणं हाच उपाय. मूळ कंपनीचे पॅड आणि स्वस्त पर्यायी पॅड यांच्या पाठीच्या पत्र्याच्या मापातही फरक असतो. ब्रेक चांगला पण पॅड बदलल्यावर टक् सुरू झाला, असं झालं तर आधी जुना आणि नवा पत्रा एकावर एक ठेवून कड पाहा.

डिस्कचा पीळ हबमधून तारांत आणि तारांतून रिमला जातो. म्हणून डिस्कच्या बाजूला तारा एकमेकींना छेदून, दोन किंवा तीन क्रॉस, घातलेल्या हव्यात. हबपासून सरळ रिमला गेलेल्या रेडियल तारा तिथे चालत नाहीत. तारा सैल असतील तर ब्रेक दाबूनही चाक रबरासारखं थोडं पुढे पिळतं. त्यात टक् आवाज नसतो, नुसता मऊपणा असतो, आणि लोक त्यासाठी ब्रेकच्या तेलातली हवा काढत बसतात.

कॅलिपर, लिव्हर, तेल

दोन पिस्टन की चार? चार पिस्टनचा कॅलिपर एकूण जास्त क्षेत्रफळाने ढकलतो, म्हणून त्याच बोटाच्या जोरात पॅड जास्त दाबले जातात. २६ इंची सायकल आणि वजनदार स्वार असेल तर हा फायदा खरा आहे. शिमानो झी आणि सेंट, मगुरा एमटी५ आणि एमटी७ या चार पिस्टनच्या ब्रेकना मागणी त्यामुळेच. पण फुकट काही मिळत नाही. लिव्हरच्या एका ओढीत तेल तेवढंच सरकतं, आणि पिस्टनचं क्षेत्रफळ वाढलं म्हणजे पॅड कमी पुढे येतो. मग पॅड आणि रोटरमधली फट कमी ठेवावी लागते, आणि किंचित वाकलेला रोटरही घासायला लागतो. दगडांवर रोज आपटणाऱ्या सायकलला याची किंमत मोजावी लागते. २० इंचीवर चांगला दोन पिस्टनचा ब्रेक पुरतो. इंग्लंडमधल्या लँकेशरच्या होप कंपनीचा ट्रायल झोन हा तर या खेळासाठीच बनवलेला ब्रेक, आणि तो दोनच पिस्टनचा.

केबलचा डिस्क ब्रेक अगदीच टाकाऊ नाही. शिकाऊ स्वाराला पुढच्या चाकासाठी एव्हिड बीबी७ सारखा केबल ब्रेक चालतो: दुरुस्ती सोपी, कुठल्याही गावात केबल मिळते. त्यात एकच पॅड सरकतो आणि रोटरला दुसऱ्या पॅडवर दाबतो, म्हणून स्थिर पॅड रोटरच्या अगदी जवळ आणावा लागतो. बाहेरची नळी न दबणारी, सरळ तारांची घ्या, नाहीतर बोटाचा निम्मा जोर नळी दाबण्यात जातो. मागच्या चाकावर उड्या सुरू झाल्या की मात्र हायड्रॉलिकच.

लिव्हरबाबत आकड्यांपेक्षा हात महत्त्वाचा. पट्टी एका बोटाची, हँडलवर इतकी आत सरकवलेली की तर्जनी पट्टीच्या टोकाच्या आकड्यात बसते. पट्टीच्या मध्यावर बोट आलं की तरफेचा फायदा गेला. चावा हँडलपासून इतक्या अंतरावर हवा की पूर्ण दाबल्यावरही पट्टी इतर बोटांना चिकटत नाही. लिव्हरचा तिरपेपणा उभं राहून ठरवू नका. सायकल भिंतीला टेकवून, मागच्या चाकावर लटकल्यासारखे हात सरळ ताणून पाहा आणि त्या स्थितीत मनगट सरळ राहील असा तो बसवा.

तेलाची गोष्ट आपल्याकडे विशेष सांगायला हवी. शिमानो आणि मगुरा मिनरल ऑइलवर चालतात, होप डॉट ५.१ वर. ऑटोमोबाइल स्पेअरच्या दुकानात ‘ब्रेक ऑइल’ म्हटलं की हातात पडतं ते मोटारसायकलचं डॉट ३ किंवा डॉट ४. ते मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये घातलं की आतली रबरी सील फुगतात, पिस्टन अडकतो, आणि मग ब्रेक धुऊन काही उपयोग नसतो. उलटही तितकंच घातक. लिव्हरच्या झाकणावर कुठलं तेल ते लिहिलेलं असतं, वाचूनच घाला. होपसाठी मात्र दुकानातलं डॉट ४ अडीअडचणीला चालतं. नुसतं ‘डॉट ५’ लिहिलेलं सिलिकॉनचं तेल वेगळं, नावाला फसू नका. डॉट तेल हवेतली ओल ओढतं आणि रंगही खातं, म्हणून डबी एकदा फोडली की पुढच्या पावसाळ्यासाठी जपून ठेवू नये.

हवा काढताना पॅड काढून ठेवा आणि पिस्टनच्या मध्ये ब्लीड ब्लॉक, म्हणजे पिस्टन जागेवर धरणारा ठोकळा, घाला. हे दोन्ही न करता काम उरकलं तर तेलाचा एक थेंब पॅडवर पडतो आणि पॅड वाया जातात. लिव्हर पहिल्या मिलिमीटरनंतर लाकडासारखी कडक लागली पाहिजे. हवा काढूनही ती मऊ असेल तर कॅलिपर रोटरला तिरका बसलाय का पाहा: दोन्ही पिस्टन सारखे पुढे येत नसतील तर पट्टी आधी रोटर वाकवते, मग पकडते.

कॅलिपर बसवायच्या दोन पद्धती भेटतील, आयएस माउंट ५१ मिलिमीटर अंतराच्या भोकांचा आणि पोस्ट माउंट ७४ च्या. मधला ॲडॉप्टर रोटरच्या मापाचा आणि जागेचाही घ्यायचा. पुढचा १८० चा आणि मागचा १८० चा ॲडॉप्टर सारखेच असतील असं गृहीत धरू नका. बोल्ट ६ ते ८ न्यूटन-मीटर.

मागच्या चाकाला ट्रायल्सचीच एक खास भानगड असते. बऱ्याच फ्रेमना आडव्या खाचा असतात आणि चेन ताणायला शंखासारखे स्नेल कॅम. चेन वाढली की एक्सल चारपाच मिलिमीटर मागे जातो, रोटरही त्याच्याबरोबर, पण कॅलिपर फ्रेमलाच राहतो. कॅलिपर एक्सलच्या पुढच्या बाजूला असेल तर रोटर त्याच्यातून बाहेर सरकतो; पॅडचा कडेचा भाग रोटरला लागतच नाही, तो झिजत नाही आणि तिथे पायरी तयार होते. पुढे नवी चेन टाकून चाक जागेवर आणलं की ती पायरी रोटरवर बसते आणि ब्रेक अर्ध्याच पॅडने धरतो. उपाय: माउंटला लांबट खाचा असलेली फ्रेम, किंवा चेनमध्ये हाफ लिंक (अर्धी कडी) टाकून एक्सल ठरलेल्या जागी ठेवणं. पायरी दिसली तर पॉलिश पेपर सपाट काचेवर ठेवून त्यावर पॅड घासून ती उतरवा. मागचा हब घेतानाही आधी फ्रेम मोजा. ट्रायल्समध्ये ११६ आणि १३५ मिलिमीटर अशा दोन्ही रुंदीचे हब आहेत.

पॅड, आणि ते मुरवणं

पॅड रेझिनचेच घ्या, पहिल्यांदा तरी. सिंटर्ड म्हणजे धातूची भुकटी दाबून केलेले पॅड टिकतात, पण त्यांना खरी पकड गरम झाल्यावर येते, आणि ट्रायल्समध्ये ते गरम होतच नाहीत. रेझिन थंड असतानाच चावतो. त्याचा दोष म्हणजे चिखलात भराभर झिजणं. पावसात जांभ्यावर सराव केला तर लाल राड रोटरवर पॉलिश पेपरासारखी चालते. पॅडवरचं मटेरियल अर्धा मिलिमीटर उरलं की बदला. स्वस्त रोटरवर ‘फक्त रेझिन पॅड’ असा शिक्का असतो, त्यावर सिंटर्ड लावले तर रोटर लवकर संपतो. शिमानोचा रोटर नवा १.८ मिलिमीटर असतो आणि १.५ ला बाद; मगुराचा नवा २ आणि १.८ ला बाद. हे व्हर्नियरने मोजा, नखाने नको.

नवा ब्रेक लावल्या दिवशी हमखास ऐकू येणारी तक्रार म्हणजे ‘धरतच नाही’. बहुतेक वेळा पॅड मुरलेले नसतात. पॅडचा पातळ थर रोटरवर चढला की पकड येते, आणि तो चढायला थोडी उष्णता लागते. इथे अडचण अशी की २० इंची सायकलवर पुढे १८ आणि मागे १२ दात्यांच्या गिअरमध्ये मिनिटाला ९० पेडल मारले तरी वेग जेमतेम तेराच्या आसपास जातो. म्हणून लांब, रिकामा, मोठ्या वळणांशिवायचा उतार शोधा. आधी रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ कापडाने पुसा, कारण नव्या रोटरवर गंज न लागण्यासाठी तेलाचा हात असतो. मग एका वेळी एकच ब्रेक, वेग धरून चालायच्या चालीपर्यंत खाली आणायचा, पण चाक पूर्ण लॉक करायचं नाही. लॉक केलं तर पॅडचा ठसा रोटरवर एकाच जागी उमटतो आणि पुढे तिथे धक्का बसतो. असं प्रत्येक ब्रेकला वीस-पंचवीस वेळा. सातव्या-आठव्या वेळेपासून फरक जाणवायला लागतो: आधी नुसती सरसर, मग कोरडी खरखर, आणि शेवटी बोट टेकवलं की चाक अडकतं. रोटरवर घासाच्या जागी एकसारखी करडी झाक दिसली की काम झालं.

मुरलेला ब्रेक अचानक किंचाळायला लागला आणि सुटायला लागला तर त्यावर तेल गेलं असं समजा. चेनवर मारलेला स्प्रे, चेनचं तेल लागलेले हात, मागे रिम ब्रेक असेल तर त्याच्या रिमवरचं उडालेलं डांबर, यांपैकी काहीही पुरतं. रोटर अल्कोहोलने वाचतो. पॅडचा वरचा थर पॉलिश पेपरवर काढून एकदा पाहायला हरकत नाही, पण तेल आत मुरलं असेल तर दोन दिवसांत आवाज परत येतो. पॅड गॅसवर भाजून तेल जाळायचा प्रयोग करू नका, रेझिन सुटून पॅड पत्र्यापासून निघतो. नवे पॅड घ्या, परत उतारावर जा, आणि ब्रेक अडकतोय याची खात्री आधी एका पायरीच्या कडेवर, मग उंच दगडावर करा.